नाकतोडाच तो

चष्मेवाल्यांना माणसं आवडत नसत असं नाही. माणसं नीट पाहत नाहीत, याचा त्यांना राग होता. जन्मभर चष्म्याचं दुकान चालवलेल्या माणसाला हा राग यायचाच. दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आपली नजर शाबूत आहे असं सांगतच आत यायचं. "हल्ली अक्षरंच बारीक छापतात हो," असं म्हणायचं. काही वस्ताद तर तपासणीचा तक्ता पाठ करून यायचे. चष्मेवाले मग त्यांना शेवटची ओळ उलटीकडून वाचायला लावत, आणि ते अडखळले की असं हसत, की ते बिचारे चष्म्याबरोबर अपमानही घरी घेऊन जात. आता दुकान मुलगी आणि जावई बघत होते. त्यामुळे पाणउतारा करायला चष्मेवाल्यांकडे गिऱ्हाईक उरलं नव्हतं. उरली होती ती पाणथळीवरची मंडळी.

पाणथळ गावाच्या टोकाला, पाणी उपसण्याच्या जुन्या पंपघराच्या मागे होती. दर रविवारी सकाळी तिथे पक्षी बघायला माणसं जमत आणि चष्मेवाले त्यांना फिरवत. फिरवत म्हणजे फैलावर घेत. एकाची टोपी भडक, दुसऱ्याची दुर्बीण उलटी धरलेली, तिसरीच्या अत्तराने बगळे उठतील. ज्याच्या कॅमेऱ्याची नळी सर्वांत लांब, त्याला ते सर्वांत आधी झोडपत. "तोफ आणलीत, छान केलंत. आता बदकांवर चढाई कधी?" असं विचारत. माणसं हसत, ओशाळत, आणि पुढच्या रविवारी पुन्हा येत. कारण चष्मेवाल्यांना पक्ष्यांचं खरोखरच कळत असे, आणि हे नाकारायची कुणाची छाती नव्हती.

उन्हाळा सरत आला की पाणथळ दिसायला अगदी दरिद्री होते. पाणी आटून मध्ये गोळा झालेलं, कडेचा चिखल भेगाळलेला, त्यावर डासांचे ढग. आपला पाववाला, म्हणजे कोपऱ्यावरच्या बेकरीचा मालक, एकदा बदकांकडे बघून म्हणाला, "यंदा नर कुठे गेले? सगळ्या माद्याच दिसतायत."

"पाववाले," चष्मेवाले म्हणाले, "तुमच्या भट्टीचा धूर डोळ्यांत गेलाय. हे नरच आहेत. उन्हाळ्याच्या शेवटी नराची रंगीत पिसं गळतात. पंखांचीही गळतात, उडता येत नाही. नवी येईपर्यंत गवतात तोंड लपवून बसतो. खुर्ची गेलेला साहेब बघितला नाहीत का कधी?"

सगळे हसले. मंडळीत एक निवृत्त साहेब होते, ते जरा कमी हसले.

पण चष्मेवाल्यांचा खरा जीव बदकांवर नव्हता, बगळ्यांवर नव्हता. तो होता किरकिऱ्यावर. किरकिऱ्या हा मुठीत मावेल एवढा मातकट पक्षी. दिसायला काही म्हणजे काही नाही, आणि दिसतोही क्वचित. बोरूच्या, म्हणजे पाण्यात उभ्या उंच वेतासारख्या गवताच्या, दाट रानात बुडाशी उंदरासारखा पळतो. त्याचं सगळं वैभव गळ्यात. पहाटेच्या सुमाराला बोरूच्या काडीवर जरा वर चढून तो जी बारीक, धारदार किरकिर सुरू करतो, ती श्वास न घेता चालूच ठेवतो. ऐकणाऱ्याला दम लागतो, त्याला लागत नाही. चष्मेवाले तरुण असताना, नव्या बायकोला घेऊन इथे आले होते आणि गुडघाभर चिखलात उभं राहून त्यांनीच तो पहिल्यांदा शोधून काढला होता. त्याआधी हा पक्षी या भागात आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं. तेव्हापासून किरकिऱ्या आणि चष्मेवाले ही नावं एका दमात घेतली जात. मंडळी तर त्यांच्या माघारी त्यांनाच किरकिऱ्या म्हणत. ते स्वभावामुळे.

तीन वर्षांपूर्वी किरकिऱ्या गप्प झाला.

चष्मेवाले त्या मोसमात रोज पहाटे एकटेच जाऊन बोरूच्या काठाशी उभे राहिले. वाऱ्याने पाती घासत होती, पाणकोंबडी ओरडत होती, बेडूक होते. किरकिऱ्या नव्हता. पुढच्या उन्हाळ्यातही नव्हता. घरातलं माणूस गेल्यावर होतं तसं दुःख त्यांना झालं. पण दुःख करायची त्यांना सवय नव्हती, रागवायची होती. म्हणून ते रागावले. नगर कार्यालयाच्या प्रत्येक सभेत उभे राहून त्यांनी तोंडसुख घेतलं. तुमचे दिवे, तुमची कुत्री, तुमचे ते सकाळी धापा टाकत पळणारे लोक, यांनी त्याला घालवला. "आता त्या बोरूत काय उरलंय? गवत!" ते गरजले होते. "कापा आणि चुलीत घाला! मेलेल्या घरावर पहारा कशाला ठेवता?"

मंडळीतली एखादी नवखी व्यक्ती मधूनच विचारायची, "ही बारीक किरकिर कसली येतेय हो?" अशा वेळी चष्मेवाले वळूनही बघत नसत. "नाकतोडा," ते म्हणायचे. "किरकिऱ्या ऐकायचा तर आधी जन्म घ्यायला हवा होतात." नवखी व्यक्ती लाजून गप्प बसायची, आणि मंडळीला हळूहळू पाठच झालं, की बोरूतून येते ती किरकिर नाकतोड्याची.

या सगळ्याचा हिशेब या उन्हाळ्यात चुकता झाला. नगर कार्यालयाने बोरूतून लाकडी पायवाट काढायचं ठरवलं. बाकं, कठडे, फोटो काढायला सज्जा, सगळा जामानिमा. चष्मेवाले तावातावाने बांधकाम खात्यात जाऊन धडकले. खात्याच्या खोलीत एका टेबलावर पुठ्ठ्याची पाणथळ मांडलेली होती. तिच्यात निळ्या कागदाचं पाणी आणि काड्यापेटीएवढी बाकं. त्या पुठ्ठ्याच्या पाणथळीत एकही पक्षी नव्हता. पलीकडे बसलेल्या आराखडेवाल्या बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळा संताप शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि मग अगदी नम्रपणे म्हणाल्या, "सर, पण तुम्हीच म्हणालात ना, की आता तिथे काही उरलं नाही म्हणून?"

चष्मेवाल्यांनी हातातला पाण्याचा पेला टेबलावर ठेवला.

"तो पक्षी असता तर आम्ही त्याच्या बोरूला हातच लावला नसता," बाई म्हणाल्या. "नियमच तसा आहे. तो ज्या अंगाला असेल ते अंग सोडायचं. पण तो नाही, असं सभेत दरवेळी तुम्हीच सांगितलंत. आम्ही तुमच्या शब्दावर चाललो."

"बगळे आहेत, बदकं आहेत..."

"ती सगळीकडे आहेत, सर. नियम किरकिऱ्यासाठी आहे." बाईंना त्यांची दया आली असावी. "सोमवारी कापणी सुरू होईल. रविवारी मी स्वतः एकदा फिरायला येते तुमच्याबरोबर. शेवटचं बघून घेऊ."

घरी येऊन चष्मेवाल्यांनी हा सगळा राग स्वयंपाकघरातल्या ओव्हनवर काढला. हा ओव्हन पदार्थ गरम झाला की पूर्वी शिट्टी द्यायचा. आता देत नसे. चष्मेवाल्यांनी तो मध्ये एकदा दुरुस्तीला टाकला होता. कारागीर म्हणाला, काही बिघडलेलं नाही. चष्मेवाल्यांनी त्याला सगळ्या दुकानासमोर लुच्चा ठरवून ओव्हन उचलून परत आणला होता. सध्या ते त्याच्यासमोर उभे राहून काचेतून आत बघत आणि अंदाजाने दार उघडत.

"झालंय ते," बायको मागून म्हणाली.

"काय?"

"झालंय, म्हटलं!"

"मग नीट बोल ना. तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस?"

बायकोने काही उत्तर दिलं नाही. ती बरीच वर्षं उत्तरं देत नव्हती, आणि त्याचं एक कारण असं, की उत्तर दोनदा द्यावं लागे.

जावई त्या दिवशी दुकान बंद करून जेवायलाच आला होता. जावई शांत, गोरामोरा होणारा. चष्मेवाले त्याला जावईबापू म्हणत; ऐकणाऱ्याला त्यात मान वाटावा आणि जावयाला टोचावं, अशा बेताने म्हणत. मागच्या रविवारी जावई मंडळीबरोबर पाणथळीवर आला होता आणि त्याच्याकडे आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगणारा फोन होता. बोरूपाशी फोनने चक्क किरकिऱ्याचं नाव दाखवलं होतं. जावयाने ते आनंदाने सासऱ्यांपुढे धरलं होतं आणि चष्मेवाल्यांनी त्याची अशी काही हजेरी घेतली होती, की मंडळी बुटांकडे बघत राहिली होती.

आता जावयाने ताटाकडे बघत विषय काढला. "बाबा, तो फोन चुकत असेल, मान्य. पण आपल्या दुकानाशेजारी कान तपासतात. माझी ओळख आहे. सहज एकदा..."

"कुणाचे कान?"

जावयाने पोळीचा आणखी एक तुकडा मोडला.

"माझे?" चष्मेवाल्यांनी घास खाली ठेवला. "जावईबापू, या कानांनी मी अंधारात पन्नास पक्षी ओळखलेत. तुमच्या त्या डबीला नाकतोडा आणि किरकिऱ्या यांतला फरक कळत नाही, आणि तपासायचे माझे कान? नाकतोडाच तो! लिहून घ्या. हल्ली माणसं नीट बोलत नाहीत, यंत्रं नीट वाजत नाहीत, आणि दोष कुणाचा? तर म्हाताऱ्याच्या कानांचा!"

आपण कुणाची वाक्यं बोलतोय, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. हल्ली अक्षरंच बारीक छापतात म्हणणारी शेकडो गिऱ्हाइकं त्यांनी आयुष्यात हसण्यावारी नेली होती, आणि त्यांतल्या एकाचीही आठवण त्यांना त्या क्षणी झाली नाही. माणूस स्वतःकडे बघताना चष्मा काढूनच ठेवतो.

रविवारी सकाळी बायको बूट घालून दारात उभी राहिली. "मी येते आज."

"तू? अगं, गुडघा?"

"गुडघा माझा आहे," ती म्हणाली. "किरकिऱ्याच्या घराचं शेवटचं दर्शन मलाही हवंय. तो सापडला तेव्हा चिखलात माझीही चप्पल गेली होती."

गुडघ्यामुळे ती बऱ्याच वर्षांत पाणथळीकडे फिरकली नव्हती. चष्मेवाल्यांनी तिच्यासाठी चाल हळू ठेवली, पण त्याचा राग त्यांनी इतरांवर काढला. आराखडेवाल्या बाई नवे कोरे गमबूट घालून आल्या होत्या आणि त्यांच्या हातात लाल झेंडी लावलेल्या काठ्यांचा जुडगा होता. त्यांना बघून चष्मेवाले म्हणाले, "या. पुठ्ठ्याच्या पाणथळीपेक्षा जरा ओली आहे, सांभाळा." पाववाल्याने सगळ्यांसाठी गरम बनपाव आणले होते, तर त्याला ऐकवलं, की इथे चरायला बदकं आहेत तेवढी पुरे. मंडळीतली नर्स रात्रपाळी करून तशीच आली होती. ती जांभई देत होती म्हणून तिलाही एक टोमणा बसला. फक्त जावयाला ते काही बोलले नाहीत. जावयाने फोन खिशातच ठेवला होता.

पाण्यावर हलकं धुकं होतं. पिसं गळलेली बदकं काठाच्या गवतात अंग चोरून बसलेली होती. एक खंड्या पंपघराच्या गंजक्या पाइपावरून सुळकन उडाला, तेव्हा बाईंच्या तोंडून "अय्या" निघालं, आणि चष्मेवाल्यांना क्षणभर त्या बऱ्या वाटल्या. ते त्यांना सगळं समजावून सांगू लागले. बोरूचं रान मधल्या जुन्या चराने दोन भागांत वाटलेलं आहे, डावं अंग उंच आणि दाट, उजवं अंग थोडं मोकळं. किरकिऱ्याला दोन्ही आवडायची.  एवढं म्हणून ते विनाकारण पाववाल्यावर खेकसले.

चराच्या टोकाशी सगळे थांबले. नेहमीची जागा ती. चष्मेवाल्यांनी हात वर करून सर्वांना गप्प केलं. वारा पडलेला होता. त्यांना बेडूक ऐकू आले, पाणकोंबडी ऐकू आली, लांब कुठेतरी एक गाडी सुरू होत होती ती ऐकू आली. बाकी सगळं शांत होतं.

"बघा," ते बाईंना म्हणाले. "ही शांतता तुम्ही केलीत."

मग बायकोने त्यांची बाही धरली.

"अहो."

"काय?"

"आहे तो."

"कोण?"

"किरकिऱ्या. गातोय."

"नाकतोडा असेल," चष्मेवाले म्हणाले. जीभ सवयीने वळली.

"नाकतोडा मध्येमध्ये थांबतो," बायको म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत मला, इथेच उभं करून. हा थांबत नाहीये."

चष्मेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. ही बाई आयुष्यात त्यांच्याशी खोटं बोलली नव्हती. तिच्याकडे तेवढी कल्पनाशक्तीच नाही, असं ते चारचौघांत म्हणत. त्यांनी नर्सकडे पाहिलं. नर्स मान किंचित कलती करून उभी होती, झोप उडालेली. पाववाल्याचं तोंड उघडं होतं. जावयाने खिशातून फोन काढला आणि त्यांच्यासमोर धरला. पडद्यावर आवाजाची काळी पट्टी सरकत होती, अगदी वरच्या कडेला, जिथे बारीक आवाज उमटतात तिथे, जाड, सलग, कुठेही न तुटलेली. चष्मेवाल्यांचे डोळे अजून उत्तम होते. त्यांना ती पट्टी स्वच्छ दिसत होती. ऐकू मात्र बेडूक येत होते.

तीन उन्हाळे तो इथेच होता. रोज पहाटे ते त्याच्यासमोर उभे राहून त्याच्यासाठी झुरले होते आणि तो त्यांच्या नाकासमोर बसून गात होता. पदार्थ गरम झाल्यावर ओव्हन शिट्टी देत होता. बायको स्पष्ट बोलत होती. आणि सभेत उभं राहून, मूठ आपटून, या बोरूच्या फाशीचा हुकूम त्यांनीच दिला होता.

"सर," आराखडेवाल्या बाई म्हणाल्या. त्या गोंधळल्या होत्या. "मलाही काहीतरी ऐकू येतंय, पण मला त्यातलं कळत नाही. आणि यांचं सगळ्यांचं म्हणणं मी ऑफिसात सांगितलं तर लोक म्हणतील, की चष्मेवाले तर नाही म्हणत होते. तिथे शब्द तुमचाच चालतो. तुम्ही सांगा. तुम्हाला ऐकू येतोय का?"

सगळ्यांनी चष्मेवाल्यांकडे पाहिलं. दुकानातल्या तक्त्यापुढे बसवलेल्या गिऱ्हाइकाला कसं वाटतं, ते चष्मेवाल्यांना त्या वेळी कळलं. हो म्हटलं की बोरू वाचत होता. हो म्हटलं की अब्रूही वाचत होती. एवढा स्वस्त सौदा त्यांना आयुष्यात कुणी देऊ केला नव्हता.

"येतोय," ते म्हणाले. "अर्थात येतोय. तोच आहे."

बाईंचा चेहरा उजळला. "मग कापणी थांबवते. पण सगळी नाही थांबणार, सर. पायवाट चराच्या एका अंगाने न्यावीच लागेल. तो ज्या अंगाला आहे ते मी झेंड्या लावून सोडते, दुसरं कापतील. कुठल्या अंगाला आहे?"

चष्मेवाल्यांनी हात उचलला. तो उचलताना त्यांनी विचार केला, तो एवढाच, की डावं अंग दाट आहे, आपण पक्षी असतो तर तिथेच बसलो असतो. नेहमीच्या रुबाबात त्यांनी डावीकडे बोट केलं. "तिथे. त्या उंच काड्यांत."

तीस वर्षं त्यांनी थवे पाहिले होते. ससाणा कुठून येतोय हे आभाळाकडे न बघता, नुसत्या थव्याच्या मानांवरून त्यांना सांगता येई. त्यांनी बोट केलं, आणि त्या क्षणी मंडळीच्या सगळ्या माना उजवीकडे गेल्या. नर्सची, पाववाल्याची, त्या निवृत्त साहेबांची. निमिषभरच. मग त्या माना, एकेक करून, गुपचूप, त्यांच्या बोटामागे डावीकडे वळल्या.

"हो, हो," पाववाला म्हणाला. "तिकडेच."

"डावीकडूनच येतोय," साहेब म्हणाले.

नर्सने बुटांकडे पाहिलं. जावयाने फोन खिशात टाकला. ज्यांना त्यांनी वर्षानुवर्षं टोचून टोचून बेजार केलं, ती माणसं त्यांची लाज झाकायला धावली होती. चष्मेवाल्यांना उलट टोमणे चालले असते, हसणं चाललं असतं. ही दया मात्र त्यांच्या अंगावर खाजकुइलीसारखी पसरली. आणि बाई झेंड्यांचा जुडगा सुटा करत डाव्या अंगाकडे निघाल्या होत्या. म्हणजे उद्या सकाळी उजवं अंग कापलं जाणार होतं, आणि तो त्यातच बसून, दम न घेता, गात असणार होता.

बायकोने तोंड उघडलं. पण चष्मेवाल्यांनी तिला बोलूच दिलं नाही.

"थांबा!" ते इतक्या जोरात ओरडले, की बदकं गवतातून पाण्यात घसरली. "झेंडी लावू नका तिथे! गाढवांनो, तो तिकडे नाहीये! उजवीकडे ऐकू येतंय ना सगळ्यांना? मग माना काय हलवताय? मी डावीकडे बोट केलं की डावीकडे? मी आभाळाकडे केलं असतं तर आभाळात बोरू उगवला असता का?"

"काका..." नर्स म्हणाली.

"काका काय काका! बहिरा झालोय मी!" त्यांचा आवाज फाटला. "ठार बहिरा नाही, बारीक आवाजाला बहिरा. तो गातोय आणि मला बेडूक ऐकू येतायत. तीन वर्षं मी बहिऱ्यासारखा इथे उभा राहून सगळ्यांना नाकतोडा नाकतोडा सांगत होतो, आणि तुमच्यातल्या एकाने, एकाने तरी म्हणावं ना, की म्हाताऱ्या, तू चूक आहेस? एवढे कान होते इथे! सगळे भाजीला घालायचे का?"

"म्हटलं होतं की," जावई हळूच म्हणाला.

चष्मेवाले त्याच्याकडे वळले.

"हो," ते म्हणाले. "तुम्ही म्हटलं होतं. त्यात मुळमुळीत म्हटलं होतं. चूक माणसापुढे बरोबर असाल, तर जरा जोरात बोलायला शिका, जावईबापू. मला ऐकू येत नाही."

कुणी हसलं नाही, तेव्हा ते आणखी चिडले. बाईंना म्हणाले, "आता तुम्ही. त्या झेंड्या घ्या आणि उजवीकडे लावा. या नर्सबाईंना विचारून लावा, त्यांचे कान तरणे आहेत. आणि ऑफिसात सांगा, चष्मेवाल्याचा शब्द चालत नाही म्हणून. गेल्या तीन वर्षांचासुद्धा नाही. सभेत मी स्वतः येऊन सांगीन. हसायला सगळ्यांना बोलवा."

बाई वळल्या आणि नर्सच्या मागून चराच्या उजव्या अंगाला गेल्या. पाववाला झेंड्या धरायला गेला. काठ्या चिखलात शिरू लागल्या. चष्मेवाले जागच्या जागी उभे राहून एकेक काठी मोजत होते.

बायको जवळ आली. तिने त्यांच्या गळ्यातली दुर्बीण उचलून त्यांच्या डोळ्यांना लावली आणि त्यांचा खांदा धरून त्यांना उजवीकडे वळवलं, जरा खाली, आणखी जरा. "ती वाकलेली काडी. तिच्या शेंड्याच्या खाली."

त्यांना तो लगेच दिसला. मातकट, मुठीएवढा, काडीला बिलगलेला. चोच सताड उघडी होती आणि गळा असा थरथरत होता, की गळ्यावरची पिसं धूसर दिसत होती. तो मान या बाजूने त्या बाजूला फिरवत होता, पण चोच मिटत नव्हता. चष्मेवाले बघत राहिले. बेडूक ओरडत होते.

"अजून गातोय?" त्यांनी विचारलं.

"गातोय," बायको त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणाली. "थांबला की सांगते."